खांदा दुखत होता म्हणे! बॉक्सिंगच्या कट्ट्यावर नव्यानं येणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी दहाच्या पुढं सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका चहाच्या गाड्यावर आवाज चढलेले ऐकू आले, तर समजायचं की लास वेगासमध्ये रात्री कुणीतरी हरलंय आणि माईक तोंडापुढं येताच त्यानं दुखापत सांगितलीय. अर्धे लोक म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं." उरलेले म्हणतात, "तुझा खांदा निखळू दे, मग बोल." त्यात एखादा नवा पोरगा, ज्यानं आयुष्यात मोजून तीन लढती बघितल्यात, मधेच म्हणतो, "नाटक करत होता तो." मग दोन्ही बाजू मिळून त्याचा भुगा करतात. अशी चार-पाच पोरं आली नि पुन्हा फिरकली नाहीत. हे त्यांच्यासाठी, आणि अजून यायची आहेत त्यांच्यासाठी.

एक आधीच सांगून ठेवतो. आपल्या भागात अंगाला अंग भिडणारा खेळ बघायची नजर कुस्तीवर तयार झालेली असते. हिंदकेसरी मारुती मान्यांचं कवठेपिरान इथून फार लांब नाही. त्यामुळं बॉक्सिंगचा वाद कधी लाल मातीत उतरेल सांगता येत नाही. उतरू द्या. मला बॉक्सिंगमधलं निम्मं तिथूनच कळलंय.

लढत अख्खी बघा, हातात पेन घेऊन

वेळेचं गणित सोपं आहे. वेगासची शनिवार रात्रीची मुख्य लढत आपल्याकडं रविवारी सकाळी साडेनऊच्या आगंमागं लागते. थंडीत तिकडची घड्याळं एक तास मागं गेली की साडेदहा. लंडनची लढत पहाटे तीन-चारला आणि सौदीतली साधारण त्याच सुमाराला. नव्या माणसानं वेगासपासून सुरुवात करावी. आंघोळ, पोहे उरकून निवांत बघता येते आणि घरचेही ओरडत नाहीत.

दोन मिनिटांच्या क्लिपा बघून मात्र कट्ट्यावर येऊ नका. क्लिपमध्ये बसलेले ठोसे असतात. न टाकलेले ठोसे क्लिपमध्ये नसतात, आणि दुखापत नेमकी त्यांच्यातच दिसते. पाच राऊंड सुरीसारखा चालणारा डावा हात सहाव्यात एकदम थांबतो, हे अख्खी लढत बघणाऱ्यालाच कळतं.

वहीचं एक पान घ्या, चार रकाने पाडा. पहिल्यात राऊंडचा आकडा. दुसऱ्या-तिसऱ्यात दोघांचे गुण: राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, आणि खाली पडला असेल तर बहुतेक वेळा ८. राऊंड तीन मिनिटांचा, मधली विश्रांती एक मिनिट, मोठ्या पट्ट्याची, म्हणजे जगज्जेतेपदाची लढत बारा राऊंडची. गुण त्या एका मिनिटातच लिहायचे, समालोचकाचं मत कानात शिरायच्या आत. चौथा रकाना फक्त शरीरासाठी. "डावा खाली राहतोय." "उजवा हूक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) बंद." "मागचा पाय ओढतो." माझ्या एका जुन्या पानावर सातव्या राऊंडपुढं नुसतं "तोंड उघडं" एवढंच लिहिलंय. नंतर तो गडी म्हणाला, बरगडीला लागलं होतं. कट्ट्यावर कुणाचाच विश्वास बसेना तेव्हा मी पान काढून दाखवलं. तेवढ्या दोन शब्दांवर मला फुकट चहा मिळाला.

शब्दाचा एक घोळही मिटवून घेऊ. आपल्याकडं पंच म्हणजे निकाल देणारा माणूस आणि इंग्रजीतला पंच म्हणजे बुक्का. "पंचानं मारलं" म्हणालात तर दहा मिनिटं हशा होतो. ठोसा म्हणा, रेफरी म्हणा, सुखी व्हा.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात, म्हणून इथं जरा थांबतो.

मी सोळा वर्षांचा असताना वाळवा तालुक्यातल्या एका जत्रेत माझी कुस्ती लागली. रेवड्यांवरच्या कुस्त्यांच्या जरा वरची, इतकीच माझी लायकी. चौथ्या मिनिटाला चितपट झालो. मातीतून उठलो तो लंगडतच आणि बाहेर आल्या आल्या उजव्या घोट्याकडं बोट केलं. वस्ताद आले, गुडघ्यावर बसले आणि सगळ्यांदेखत घोटा अंगठ्यानं दाबून बघितला. घोटा खरंच सुजला होता, आदल्या दिवशी सरावात मुरगळला होता. भोवतीची माणसं हळहळली. मला वाटलं, सुटलो. वस्ताद उठत म्हणाले, "दुखत हुतं ह्यात खोटं न्हाई. पर पट काढाय गेलास तवा मान खाली घातलीस. मान खाली घाल म्हणून घोट्यानं सांगितलं हुतं का?"

झालं. दुखापत खरी आहे का, हा एक प्रश्न. त्या दुखापतीमुळं हरला का, हा दुसरा. कट्ट्यावरचे निम्मे लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतात, निम्मे दुसऱ्याचं, आणि दोघांना वाटतं समोरचा मूर्ख आहे. तुम्ही नवे आहात तर बोलायच्या आधी एवढंच विचारा: "आपण कशावर भांडतोय, दुखलं का यावर, की त्यामुळंच हरला का यावर?" एकदा विचारून बघा. थोडा वेळ सगळे गप्प होतात.

पॅकियाओचा खांदा: सराव म्हणून सोडवायचं गणित

हे उदाहरण प्रत्येक नव्या माणसाला आम्ही सोडवायला देतो. २ मे २०१५, लास वेगास, फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाओ. पाच वर्षं लोकांनी वाट बघितलेली लढत. मेवेदर गुणांवर जिंकला: एका जजनं ११८-११० दिले, दोघांनी ११६-११२. लढत संपल्यावर पॅकियाओच्या बाजूनं सांगण्यात आलं की उजवा खांदा सरावातच दुखावला होता. चार दिवसांनी त्यावर ऑपरेशन झालं. आतल्या स्नायूबंधाला फाट होती. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खरी होती. "नाटक" म्हणणारे इथं बाद.

मधे एक भानगड आहे. लढतीआधी नेवाडाच्या, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथल्या क्रीडा आयोगाचा एक फॉर्म भरावा लागतो. खांदा, कोपर, हात यांना तपासणी करण्याजोगी काही दुखापत आहे का, असा त्यात सरळ प्रश्न होता आणि त्यापुढं "नाही" अशी खूण केलेली. लढतीच्या रात्री पॅकियाओच्या माणसांनी सूज उतरवणारं इंजेक्शन द्यायची परवानगी मागितली. आयोग म्हणाला, आम्हाला दुखापत माहीतच नाही, इंजेक्शन कशाचं? परवानगी नाकारली. चूक कुणाची, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते फॉर्म भरणाऱ्याची. अमेरिकेत काही प्रेक्षक तर आम्हाला फसवलं म्हणून कोर्टात गेले होते. कोर्टानं दावे काढून टाकले: लढतीचे पैसे दिलेत, लढत बघितलीत.

आता दुसरा प्रश्न. पॅकियाओ डावखुरा उभा राहतो, म्हणजे उजवा हात पुढं. त्याचा खरा दणका डाव्यात. उजव्याचं काम जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टाकून वाट करून देणं आणि मेवेदर बाजूला सरकला की हूकनं अडवणं. म्हणजे दुखत होता तो मोठ्या तोफेचा हात नव्हता, पण तोफेला निशाणा लावून देणारा होता. त्यानं नुकसान नक्की झालं. किती? इथं तुमचं पान कामाला येतं. ११६-११२ म्हणजे मेवेदरचे आठ राऊंड, पॅकियाओचे चार. दोन राऊंड इकडचे तिकडं झाले तर बरोबरी, तीन झाले तर पॅकियाओ पुढं. म्हणजे विचारायचं असं: खांदा धडधाकट असता तर दोन जजांच्या गुणांच्या कार्डावर प्रत्येकी तीन राऊंड फिरले असते का? मोजणाऱ्यांच्या हिशेबानं मेवेदरनं ४३५ ठोसे टाकले, त्यातले १४८ बसले. पॅकियाओनं ४२९ टाकले, बसले ८१. टाकलेले जवळपास सारखेच! हात चालत होता, पोचत नव्हता. माझ्या मते एखादा राऊंड फिरला असता, फार तर दोन. आप्पा, आमच्या कट्ट्यावरचे जुने पैलवान, मात्र अजून म्हणतात तीन फिरले असते, आणि त्यांची वही माझ्यापेक्षा जुनी आहे.

दुखापतीची किंमत राऊंडमध्ये सांगायला शिका. "खांदा दुखत होता म्हणून हरला" हे हवेत बोलणं झालं. "खांदा दुखत होता, दोन राऊंड गेले, पण तीन लागत होते" असं बोललात की लोक खुर्ची सरकवून जागा देतात.

खांदा, हात, पाय: कुठलं दुखणं कसं दिसतं

माझा आतेभाऊ मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. एका रविवारी वाद फार चिघळला तेव्हा त्यानं गाड्यावरची भरलेली चहाची किटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हात सरळ बाजूला, खांद्याच्या रेषेत. धर." दहा मोजायच्या आत किटलीच्या तोटीतून चहा माझ्या चपलेवर सांडायला लागला. "हा तुझा चांगला खांदा," तो म्हणाला. "ह्यातला एक दोर फाटलाय असं समज, नि समोरून माणूस मारतोय."

मग त्यानं सांगितलं ते असं. खांद्याची खोबण उथळ असते. हाडाचा गोळा तिथं जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात. ठोसा मारताना त्रास होतोच, पण जास्त त्रास हात परत आणताना आणि वर धरून ठेवताना होतो. आणि बसलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा जास्त दुखतो, कारण समोर काहीच लागत नाही, सुटलेला हात खांद्यालाच थांबवावा लागतो. म्हणून चपळ, निसटणाऱ्या माणसाविरुद्ध खांदा लवकर बोंबलतो. बघायचं काय? जॅब गेल्या वाटेनं परत येतो का खालून येतो. विश्रांतीत कोपऱ्यातली माणसं कुठला खांदा चोळतात. हूक बंद होऊन नुसते सरळ ठोसे उरलेत का.

हाताचं दुखणं वेगळं. तळहातातली लांब हाडं मोडतात, मनगट मुरगळतं. मजा अशी की करंगळीच्या मुळाशी मोडणाऱ्या हाडाला बॉक्सरांचं नाव पडलंय, पण ते जास्त करून रागानं भिंतीवर बुक्की मारणाऱ्यांचं मोडतं. शिकलेला बॉक्सर पहिल्या दोन बोटांच्या गाठींनी मारतो. हात मोडलेला माणूस कवटीवर मारणं टाळतो, पोटाकडं वळतो, किंवा उघड्या हातानं चापट्या मारल्यासारखं करतो. कॅनेलो आल्वारेझनं सप्टेंबर २०२२ मध्ये गोलोव्किनशी तिसरी लढत दुखऱ्या डाव्या मनगटानिशी केली आणि नंतर ऑपरेशन करून घेतलं. तो जिंकला होता, त्यामुळं कुणी फार चर्चा केली नाही. हरला असता तर आमचे तीन रविवार त्यातच गेले असते.

पायाच्या दुखण्याला लोक हसतात. त्याला कारण डेव्हिड हे नावाचा इंग्लिश बॉक्सर. २ जुलै २०११ ला हॅम्बुर्गमध्ये व्लादिमिर क्लिच्कोकडून गुणांवर हरल्यावर हा पत्रकार परिषदेत बूट काढून टेबलावर चढला आणि उजव्या पायाची मोडलेली करंगळी सगळ्यांना दाखवली. त्याआधी कित्येक महिने त्यानं तोंडाचा पट्टा चालवला होता, त्यामुळं जगभर हशा झाला. पण शांतपणे बघा. उजव्या हाताचा दणका मागच्या उजव्या पायाच्या रेट्यावरच उभा असतो. करंगळी मोडली की तो रेटा कमी पडतो, हे खोटं नाही. त्याचं चुकलं ते टेबलावर चढण्यात.

कधी लागलं, आणि कशानं

लढतीआधीची दुखापत घेऊन जो रिंगमध्ये उतरतो त्यानं तो सौदा डोळे उघडे ठेवून केलेला असतो. नकार देता आला असता, तारीख पुढं ढकलता आली असती. टायसन फ्युरीला सरावात भुवईवर चीर पडली म्हणून २०२४ मधली उसिकशी लढत फेब्रुवारीवरून मे महिन्यात गेली. नाचक्की झाली, पण निमित्त उरलं नाही. लढत चालू असताना लागलं तर गोष्ट वेगळी. तिथं माणूस काय करतो ते बघायचं.

व्लादिमिरचा थोरला भाऊ व्हिताली क्लिच्को, त्याचं उदाहरण माझं आवडतं. १ एप्रिल २००० ला बर्लिनमध्ये तो क्रिस बर्डविरुद्ध तिन्ही कार्डांवर ढळढळीत पुढं होता. नवव्या राऊंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही. डाव्या खांद्यातला बंध फाटला होता. पट्टा गेला, वर "पळपुटा" म्हणून शिक्का बसला. तीनच राऊंड राहिले होते, एका हातानं रेटले असते, असं लोक म्हणत राहिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॅनी विल्यम्सनं निखळलेल्या उजव्या खांद्यानिशी डाव्या हातानं समोरच्याला आडवं केलं, त्यामुळं व्हितालीची आणखीच पंचाईत झाली.

मग २१ जून २००३, लॉस एंजेलिस, समोर लेनॉक्स लुईस. व्हिताली सहा राऊंडनंतर तिन्ही कार्डांवर ५८-५६ असा पुढं. डोळ्यावर इतकी भयंकर चीर की डॉक्टरांनी लढत थांबवली. तो थांबवू नका म्हणून ओरडत होता. त्या दिवशी तो हरला आणि तीन वर्षांपूर्वीचा शिक्का पुसला गेला.

नव्या माणसाला इथं एक नियम पाठ पाहिजे. पुढं असलेला माणूस हरला कसा? कारण चीर ठोशानं पडली होती. ठोशानं पडलेल्या चिरेमुळं लढत थांबली तर चीर पडलेला हरतो, गुण कितीही असोत. तीच चीर चुकून डोक्याला डोकं लागून पडली असती आणि चार राऊंड होऊन गेले असते, तर तोवरच्या गुणांवर निकाल लागला असता आणि व्हिताली जिंकला असता. म्हणून रक्त दिसलं की पहिलं बघा, कशानं आलं. रेफरी त्या क्षणी हातानं खूण करून जजांना सांगतो. तेवढा क्षण चुकवू नका, पुढचा अर्धा वाद तिथंच मिटतो.

हा वाद तसा आज्यांच्या काळचाच. १९६४ मध्ये सनी लिस्टन सातव्या राऊंडला उठला नाही आणि कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मोहम्मद अली, जगज्जेता झाला. लिस्टननं खांद्याचं कारण दिलं, त्याचे पैसे अडकवून ठेवले, डॉक्टरांनी दुखापत खरी म्हणून सांगितली. लोक अजून मानत नाहीत. उलट अलीनं १९७३ मध्ये केन नॉर्टनविरुद्ध जबडा मोडला तरी बाराही राऊंड काढले आणि गुणांवर हरला. त्याला कुणी निमित्तवाला म्हणत नाही.

कारणांची प्रत लावा

तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात पेटी उघडून मूठभर बेदाणा तळहातावर घेतात, रंग बघतात, मग बोली. कारणांचंही तसंच करायचं.

उंची माल म्हणजे लढतीत उघड्या डोळ्यांनी दिसलेलं, तुमच्या चौथ्या रकान्यात आधीच लिहिलेलं. त्याखालोखाल ऑपरेशन. कुणी मान राखायला खांद्यात चिरा पाडून घेत नाही. मग सरकारी कागद. नेवाडासारखे आयोग लढतीनंतर कुणाला किती दिवस लढायला मनाई ते जाहीर करतात. हाड मोडल्याची शंका असेल तर १८० दिवस किंवा डॉक्टर सोडतील तोवर. ती मनाई काळजीपोटी घातलेली असते, हाड मोडल्याचा पुरावा नव्हे, हे विसरू नका. पण हात मोडला म्हणणाऱ्याचं नाव त्या यादीत हातासाठी नसेलच, तर भुवया उंचावायला हरकत नाही.

आणि मग कचरा. डिऑन्टे वाइल्डर फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीकडून सातव्या राऊंडला हरला आणि म्हणाला, रिंगमध्ये येताना घातलेला पोशाख चाळीस पौंडांहून जड होता, पाय गळाले. म्हणजे अठरा किलो. आमच्याकडं हळदीची पोती वाहणारे हमाल बसलेले असतात, ते हे ऐकून चहा नाकातून काढतात. जेरव्हॉन्टा डेव्हिसचं तर ताजं आहे. १ मार्च २०२५ ला लॅमॉन्ट रोचविरुद्ध नवव्या राऊंडला तो स्वतःहून गुडघ्यावर बसला, कारण म्हणे केसाला लावलेलं डोळ्यात गेलं. रेफरीनं खाली पडल्याचं मोजलं नाही. लढत बरोबरीत सुटली. एका जजकडं डेव्हिस ११५-११३, दोघांकडं ११४-११४. मोजलं असतं तर त्या दोघांची कार्डं रोचकडं झुकली असती. तेल डोळ्यात गेलं असेलही! पण इथं दुसरा प्रश्न उलटा लागतो: दुखण्यानं त्याचं नुकसान झालं का फायदा?

आता पुढची जोड

दुखापतीचा वाद संपत नाही, तो पुढच्या लढतीवर जाऊन टेकतो. कुस्तीच्या मैदानात जोड लावणारी पंचमंडळी समोर बसलेली असतात, वजन, वय, नाव बघून जोड लावतात आणि नाही पटली तर लोक तिथंच ओरडतात, "जोड न्हाई ही!" बॉक्सिंगमध्ये ओरडून उपयोग नाही. तिथं चार संघटना, चारांचे चार पट्टे, प्रत्येकीची वेगळी यादी आणि वेगळा हक्काचा आव्हानवीर. वर प्रवर्तक आणि टीव्हीचे पैसे. म्हणून "पुढं याच्याशीच लढला पाहिजे" असं नुसतं म्हणू नका.

वजन आधी बघा. मेवेदर-पॅकियाओ लढत १४७ पौंडांची, म्हणजे ६६.७ किलोंची होती. सतरा-अठरा गट आहेत आणि खालच्या गटांत दोन गटांतलं अंतर दीड-दोन किलोंचं असतं. वीस किलो जड माणसाशी जोड सुचवलीत तर गाड्यावरचा पोऱ्यासुद्धा हसेल. मग करारात परतीच्या लढतीचं, म्हणजे त्याच दोघांत पुन्हा लढत घ्यायचं, कलम आहे का ते शोधा. असेल तर निम्मा वाद तिथंच संपला.

आणि बरं व्हायला लागणारा वेळ. इथं नवी माणसं सपशेल आपटतात. ऑपरेशन झालं ऐकतात आणि तीन महिन्यांनी लढत मागतात. जुने दाखले बघा. पॅकियाओ ऑपरेशननंतर अकरा महिन्यांनी उतरला. लोमाचेन्कोनं मे २०१८ मध्ये लिनारेसविरुद्ध दुसऱ्याच राऊंडला खांदा दुखावून घेतला, तरी दहाव्या राऊंडला जिंकला, ऑपरेशन करून सात महिन्यांनी परतला. २०२० मध्ये टिओफिमो लोपेझकडून हरल्यावर पुन्हा त्याच उजव्या खांद्याचं ऑपरेशन, आणि आठ महिन्यांनी परत. डेव्हिड हेची तर टाचेची शीर मार्च २०१७ मध्ये टोनी बेल्यूविरुद्ध लढतीतच तुटली आणि परतीची लढत झाली चौदा महिन्यांनी. त्या पहिल्या लढतीत तो पाच राऊंड एका पायावर उभा होता, त्यामुळं कट्टा म्हणत होता, पाय बरा असता तर बेल्यूचं काही खरं नव्हतं. परतीच्या लढतीत पाय बरा होता. डेव्हिड हे पाचव्या राऊंडला संपला. पहिल्या लढतीपेक्षा लवकर!

परत आलेला गडी कुणाला निवडतो, हेही बघा. पॅकियाओनं टिमथी ब्रॅडली घेतला, ज्याच्याशी आधी दोनदा झुंजला होता. दोनदा पाडून गुणांवर जिंकला. खांदा बरा झाल्याची खात्री करायची तर ही जोड चांगली. एखादा मऊ गडी घेतला तर तो अंग चाचपतोय असं समजा, त्यात लाज नाही. दोन-तीन मऊ गडी सलग घेतले की मात्र वहीत लिहून ठेवा. वाइल्डरचं उलट झालं. पोशाखाच्या कारणावरून जग हसलं, तो ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा फ्युरीपुढं उभा राहिला, चौथ्या राऊंडमध्ये त्याला दोनदा पाडलं आणि अकराव्यात स्वतः आडवा झाला. त्या सकाळी गाड्यावर पोशाखाचं नाव कुणी काढलं नाही.

आणि काही वेळा उत्तर मिळतच नाही. लोमाचेन्कोला लोपेझबरोबर परतीची लढत हवी होती. ती व्हायच्या आधीच लोपेझ नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅम्बोसोसकडून हरून बसला. त्या खांद्यानं किती राऊंड खाल्ले, यावर आता मरेपर्यंत भांडायचं.

बसण्याउठण्याच्या चार गोष्टी

पैशाची पैज लावायची नाही. भडंग नि चहा, एवढीच मर्यादा. एकदा दोघांची पैज हजारात गेली आणि त्यातला एक अजून या गल्लीतून गाडी घालत नाही.

"चक्कर आली", "राऊंड आठवत नाहीत", "दोन-दोन दिसत होते" असं कुणी बॉक्सर म्हणाला तर तो वादाचा विषय नाही. डोक्याच्या दुखापतीची प्रत लावायची नसते. आप्पांपुढं त्यावर विनोद केलात तर ते उठून जातात, आणि आप्पा उठले की बैठक मोडते.

रिंगमध्ये उतरलेल्याला एकेरीत शिव्या घालू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ ला आपला सतीश कुमार चेहऱ्यावर तेरा टाके असताना उझबेकिस्तानच्या जलोलोवपुढं उभा राहिला होता. ५-० नं हरला. टाक्यांचं कारण त्यानं पुढं केलं नाही. कुणी फारच "नाटकी, नाटकी" करायला लागलं की आम्ही हे नाव घेतो आणि किटली त्याच्या हातात देतो: खांद्याच्या रेषेत, सरळ.

वयानं मोठ्यांना आप्पा, अण्णा, मामा म्हणा; "अहो सर" म्हणालात तर चेष्टा होईल. वही आणा. पहिल्या रविवारचा चहा नव्या माणसाचा असतो, साधारण बारा-तेरा कप होतात. पाकीट घरी राहिलं असं सांगायला जाऊ नका, त्या कारणाची प्रत आम्ही केव्हाच लावलीय.